यीस्टची पेशी तर्कूची दिशा कशी ठरवते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पेशीविभाजन शिकवले जाते ते बहुधा कांद्याच्या मुळाच्या टोकावरून. त्या काचपट्टीवर गुणसूत्रे स्पष्ट दिसतात. परंतु गुणसूत्रांना दोन बाजूंना नेणारी रचना, म्हणजे तर्कू, पेशीत आडवा पडावा की उभा, हे कोण ठरवते, हा प्रश्न तेथे मागेच राहतो. यीस्टच्या पेशीत मात्र तो सर्वांत आधी समोर येतो. वर्गात, प्रात्यक्षिकाच्या वेळी आणि शिक्षकांच्या चर्चेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. येथे ‘यीस्ट’ म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरले जाणारे, मुकुलायनाने (अंगावर कळीसारखा मुकुल फुटून) वाढणारे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी समजावे.

तर्कूच्या दिशेला एवढे महत्त्व का?

विभाजनापूर्वी पेशीतील प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, आणि मूळ व प्रत यांना वेगळे करून दोन बाजूंना नेण्याचे काम तर्कू करतो. तर्कू सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे घटक एकमेकांना जोडले जाऊन तयार झालेली, सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी म्हणजे सूक्ष्मनलिका. तर्कूच्या दोन टोकांना दोन ध्रुव असतात आणि गुणसूत्रांचे दोन संच या ध्रुवांकडे खेचले जातात. ध्रुवांना जोडणारी रेषा पेशीत जशी पडलेली असेल, त्यानुसार दोन्ही संचांची जागा ठरते. पेशी ज्या जागी दुभंगणार आहे ती जागा या रेषेला मधोमध छेदत असेल तरच दोन्ही जन्यपेशींना एकेक संच मिळतो. अन्यथा एका पेशीत दोन केंद्रके राहतात आणि दुसरी केंद्रकाविना जन्मते. केंद्रक नसलेली पेशी पुढे वाढू शकत नाही.

हे तर प्रत्येक पेशीला लागू आहे. मग अभ्यास यीस्टवरच का केला जातो?

कारण यीस्टमध्ये घटनांचा क्रम उलटा आहे, आणि या विषयातील जवळजवळ सर्व काही या एका वस्तुस्थितीतून निघते.

प्राण्यांच्या पेशीत आधी तर्कू आपली जागा घेतो आणि मग त्याच्या जागेवरून पेशी कोठे दुभंगायची हे ठरते. तर्कू थोडा सरकला तर दुभंगण्याची रेषाही त्याच्याबरोबर सरकते, त्यामुळे केंद्रकाविना पेशी जन्मण्याचा धोका तेथे कमी असतो. यीस्टमध्ये तर्कू पूर्ण तयार होण्याच्या कितीतरी आधी, पेशीचक्राच्या सुरुवातीलाच, मुकुल कोठे फुटणार हे निश्चित होते. सीडीसी-४२ नावाचे प्रथिन पेशीपटलावरील एका जागी गोळा होते, तेथे सेप्टिन प्रथिनांचे कडे तयार होते आणि त्या कड्यातून मुकुल बाहेर वाढू लागतो. जनकपेशी आणि मुकुल यांना जोडणारी ही मान जेमतेम एक मायक्रोमीटर रुंद असते, आणि शेवटी पेशी दुभंगते ती याच मानेशी. जागा एकदा ठरली की ती बदलत नाही. म्हणून तर्कूलाच त्या जागेपर्यंत यावे लागते, मानेच्या दिशेने वळावे लागते, आणि लांब होताना त्याचे एक टोक मानेतून आरपार मुकुलात जावे लागते.

वनस्पतीही दुभंगण्याची जागा आधीच निवडतात. तेथे विभाजनापूर्वी पेशीच्या आतल्या कडेशी सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो आणि पुढे नवी भिंत साधारण त्याच जागी येते. पण वनस्पतीची पेशी आकाराने सलग असते. यीस्टला एका अरुंद मानेतून अर्धे केंद्रक पलीकडे न्यायचे असते, म्हणून येथे चूक लपत नाही. सूक्ष्मदर्शकातून ती लगेच ओळखता येते, आणि संशोधकांसाठी हीच मोठी सोय आहे.

याला व्यावहारिक कारणांचीही जोड आहे. पोषक माध्यमात ३० अंश सेल्सिअसला यीस्टचे एक पेशीचक्र सुमारे ९० मिनिटांत पुरे होते. जनुकांची संख्या सुमारे ६,००० आणि गुणसूत्रे १६ आहेत. संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये वाचून झाला, आणि हवे ते जनुक काढून टाकणे किंवा बदलणे या पेशीत तुलनेने सोपे आहे. पेशीचक्राचे नियंत्रण करणारी अनेक जनुके लेलँड हार्टवेल यांनी यीस्टमध्येच शोधली. त्या कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह मिळाले.

विभाजनात केंद्रकाचे आवरण विरघळते असे आम्ही शाळेत शिकलो. यीस्टमध्येही तसेच होते का?

नाही. यीस्टमध्ये केंद्रकाचे आवरण विभाजनाच्या संपूर्ण काळात अखंड राहते, आणि तर्कू केंद्रकाच्या आतच तयार होतो. प्राण्यांच्या पेशीत तर्कूच्या ध्रुवाशी असणारे तारककेंद्र येथे नसतेच. त्याऐवजी तर्कूच्या ध्रुवाशी प्रथिनांची एक थरांची चकती असते, जी केंद्रकाच्या आवरणातच रुतलेली असते. तिला ध्रुवचकती म्हणू. तिच्या आतल्या बाजूने केंद्रकातील सूक्ष्मनलिका निघतात, ज्या गुणसूत्रांना धरतात आणि तर्कू उभा करतात. बाहेरच्या बाजूने निघणाऱ्या सूक्ष्मनलिका पेशीद्रव्यात पसरतात.

या बाहेरच्या सूक्ष्मनलिका संख्येने मोजक्याच असतात, पण दिशा ठरवण्याचे सर्व काम त्यांच्यावरच अवलंबून असते. तर्कू केंद्रकात बंद असल्यामुळे पेशीला तो थेट धरता येत नाही. ती बाहेरच्या सूक्ष्मनलिका ओढते, त्यांच्यामुळे ध्रुवचकती सरकते, आणि चकतीबरोबर संपूर्ण केंद्रक आतल्या तर्कूसह फिरते व सरकते. हा मुद्दा ज्याला नीट समजला त्याला पुढचे सर्व सोपे जाते, असा अनुभव आहे.

सूक्ष्मनलिकेला मुकुल कोणत्या बाजूला आहे हे कसे कळते?

सूक्ष्मनलिकेला ते आपोआप कळत नाही. तिचे बाहेरचे टोक सतत वाढते आणि मध्येच वेगाने आखडते. अशा रीतीने ती पेशीत निरनिराळ्या दिशांना चाचपडत असते. मुकुलाची दिशा ज्याला आधीपासून माहीत असते ते ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. मुकुल वाढत असताना त्याच्या टोकाशी बीएनआय-१ आणि मानेशी बीएनआर-१ ही प्रथिने ॲक्टिनचे तंतू विणत असतात, आणि हे तंतू जनकपेशीतून मुकुलाकडे जातात. त्यांच्यावरून मायो-२ हे चालक प्रथिन पेशीभित्तिकेसाठी लागणारी सामग्री मुकुलात पोहोचवत असते. ही वाहतूक चालू असताना पेशी तिच्यावरच सूक्ष्मनलिकेचे टोकही सोपवते.

त्यासाठी कार-९ नावाचे प्रथिन लागते. सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकाशी बिम-१ हे प्रथिन बसलेले असते. कार-९ एका बाजूने बिम-१ ला आणि दुसऱ्या बाजूने मायो-२ च्या शेपटीला धरते. मायो-२ ॲक्टिनच्या तंतूवरून मुकुलाकडे चालू लागले की सूक्ष्मनलिकेचे टोक त्याच्याबरोबर मानेतून मुकुलात जाते. मग सूक्ष्मनलिका आखडू लागते. तिचे टोक मुकुलात अडकलेले असल्यामुळे केंद्रक मानेजवळ ओढले जाते आणि तर्कू मानेच्या रेषेत येतो. हे सर्व पश्चावस्थेच्या, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच वेगळे होऊन ध्रुवांकडे जाण्याच्या अवस्थेच्या, आधी, तर्कू अजून दीड ते दोन मायक्रोमीटर लांबीचा असतानाच, घडते.

प्रयोगाने याची खात्री करता येते. लॅट्रुनक्युलिन हे ॲक्टिन मोडणारे औषध दिले तर सूक्ष्मनलिका शाबूत असूनही हा मार्ग बंद पडतो.

दोन ध्रुव सारखेच असतील, तर दोन्ही मुकुलाकडे का ओढले जात नाहीत?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी विषयाच्या गाभ्याशी पोहोचलेला असतो. दोन्ही ध्रुवांच्या सूक्ष्मनलिकांवर कार-९ सारख्याच प्रमाणात बसले असते तर दोन्ही टोके मुकुलाकडे ओढली गेली असती आणि तर्कू मानेशी आडवा अडकला असता. प्रत्यक्षात कार-९ बहुतांशी एकाच ध्रुवाच्या सूक्ष्मनलिकांवर असते. हा ध्रुव म्हणजे जुनी ध्रुवचकती, म्हणजेच मागच्या पेशीचक्रातून वारशाने आलेली. दुसरी चकती तिच्याशेजारी याच चक्रात नव्याने तयार होते. सामान्य परिस्थितीत जुनी चकती मुकुलात जाते आणि नवी जनकपेशीत राहते.

ही विषमता राखण्यात सीडीसी-२८ या मुख्य पेशीचक्र विकराचा वाटा आहे. सायक्लिन या नियामक प्रथिनांच्या साथीने ते कार-९ ला फॉस्फेट गट जोडते आणि त्यामुळे कार-९ चे वाटप एकतर्फी होते. फॉस्फेट जोडण्याच्या जागाच बदलून टाकल्या तर कार-९ दोन्ही ध्रुवांवर दिसू लागते. सूक्ष्मनलिका औषधाने थोड्या वेळापुरत्या मोडून पुन्हा वाढू दिल्या, तर कोणती चकती मुकुलात जाईल हे बेभरवशाचे होते, असेही २००१ मध्ये दाखवले गेले. जुन्या-नव्याचा भेद चकतीत कायमचा कोरलेला असेल अशी कल्पना करणे सोपे आहे. परंतु जुनी चकती सूक्ष्मनलिका आधीपासून बाळगून असते आणि त्यामुळे ती पुढे राहते, हे स्पष्टीकरण या प्रयोगाशी अधिक जुळते.

डायनिनचे काम नेमके कोणते?

कार-९ चा मार्ग तर्कूला मानेपर्यंत आणतो. मानेतून आत खेचण्याचे काम प्रामुख्याने डायनिन करते, आणि ते पश्चावस्थेत. या टप्प्यावर तर्कू लांबत जाऊन आठ ते दहा मायक्रोमीटरचा होतो. जनकपेशीची लांबी साधारण पाच मायक्रोमीटर असते, म्हणजे तर्कू त्या एका पेशीत सरळ मावणे शक्य नाही.

डायनिन हे सूक्ष्मनलिकेवरून चालणारे मोठे चालक प्रथिन आहे आणि ते नेहमी सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकाकडून ध्रुवाच्या दिशेला चालते. विद्यार्थ्यांचा गोंधळ येथे होतो, कारण ध्रुवाकडे चालणारे प्रथिन ध्रुवाला मुकुलाकडे कसे ओढेल, हे चटकन उमगत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी कोळी बांधव काठावर पाय रोवून उभे राहतात आणि होडीला बांधलेला दोर हाताखालून मागे सारत होडी किनाऱ्याला आणतात. डायनिनचे काम तसेच समजावे. मुकुलाच्या आतल्या कडेशी नम-१ हे प्रथिन डायनिनला जागी बांधून ठेवते. बांधलेले डायनिन सूक्ष्मनलिकेवर पावले टाकू लागले की ते स्वतः पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सूक्ष्मनलिकाच मागे सरकते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जोडलेले केंद्रक मुकुलात येते.

डायनिन नम-१ पर्यंत पोहोचते त्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. ते आधी सूक्ष्मनलिकेच्या वाढत्या टोकावर जमते. तेथे त्याला बसवण्यासाठी बिक-१ आणि पॅक-१ ही प्रथिने लागतात, आणि बिक-१ ला टोकापर्यंत नेण्यात किप-२ या दुसऱ्या चालक प्रथिनाचा हात असतो. टोकावर असताना डायनिन ओढकाम करत नाही. सूक्ष्मनलिकेचे टोक मुकुलाच्या कडेला टेकले की डायनिन तेथील नम-१ वर उतरते आणि मगच कामाला लागते. डायनॅक्टिन नावाचा प्रथिनसमूह या सर्व व्यवहारात त्याच्यासोबत असतो. म्हणजे सूक्ष्मनलिका जेथे पोहोचली तेथेच ओढणारे यंत्र उतरवले जाते. ते आधीपासून सर्वत्र बसवून ठेवावे लागत नाही.

यीस्टमधील डायनिनचे जनुक १९९३ मध्ये वर्णिले गेले. ते काढून टाकलेल्या पेशी जगतात, पण त्यांच्यापैकी काहींत तर्कू जनकपेशीतच लांबतो आणि काही काळ एकाच पेशीत दोन केंद्रके दिसतात. तापमान कमी ठेवले तर हा दोष अधिक ठळक होतो.

दोन मार्ग कशासाठी? एक पुरेसा नव्हता का?

कार-९ नसलेली पेशी जगते. डायनिन नसलेली पेशीही जगते. दोन्ही नसलेली पेशी जगणे जवळजवळ अशक्य असते. एका मार्गाचे जनुक काढल्यावर दुसरा मार्ग उशिरा का होईना काम पुरे करतो, आणि म्हणूनच हे दोन मार्ग वेगवेगळे आहेत हे संशोधकांना ओळखता आले.

यावरून एक मार्ग मुख्य आणि दुसरा केवळ राखीव आहे असा निष्कर्ष काढू नये. निरोगी पेशीत दोन्ही मार्ग रोज वापरले जातात, आपापल्या वेळी: पहिला ॲक्टिनच्या आधाराने दिशा देतो, दुसरा मुकुलाच्या कडेच्या आधाराने ओढतो. कार-९ या जनुकाचा शोधही तर्कूच्या निमित्ताने लागला नव्हता. यीस्टच्या दोन पेशींचा संयोग होताना त्यांची केंद्रके एकमेकांकडे सरकण्यात ज्या उत्परिवर्तकांना अडचण येत होती, त्यांच्या अभ्यासात ते सापडले.

एवढे करूनही तर्कू चुकीच्या दिशेला राहिला तर?

तर पेशी थांबते, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात ही यंत्रणा सर्वांत विलक्षण आहे. पेशीला तर्कूचा कोन मोजता येत नाही. ती फक्त एवढेच तपासते, की तर्कूचा एक ध्रुव मुकुलात पोहोचला आहे का.

विभाजन संपवून दुभंगण्याचा आदेश टेम-१ या प्रथिनापासून सुरू होतो, आणि टेम-१ ध्रुवचकतीवरच बसलेले असते. तेथेच त्याला निष्क्रिय ठेवणारी बब-२ आणि बीएफए-१ ही जोडीही असते. जनकपेशीत किन-४ हे विकर या जोडीला सक्रिय राहू देते. त्यामुळे दोन्ही ध्रुव जनकपेशीत असेपर्यंत टेम-१ बंद राहते आणि विभाजन पुढे सरकत नाही. मुकुलात परिस्थिती वेगळी असते. तेथे एलटीई-१ हे प्रथिन किन-४ ला आवरते. ध्रुव मानेपलीकडे गेला की बीएफए-१ वरील संरक्षण सुटते, सीडीसी-५ हे विकर त्याला फॉस्फेट गट जोडून निष्प्रभ करते, आणि टेम-१ सक्रिय होते. तेथून विकरांची एक साखळी चालू होते. तिच्या शेवटी सीडीसी-१४ हे विकर केंद्रिकेतून (केंद्रकातील एका दाट भागातून) मोकळे होते, विभाजनाच्या अवस्थेत पेशीला धरून ठेवणारे सायक्लिन नष्ट होते, आणि मग मानेशी पेशी दुभंगते.

दोन प्रथिने पेशीच्या दोन भागांत वेगवेगळी ठेवली आणि संदेश देणारे प्रथिन ध्रुवावर बसवले, एवढ्यावर पेशीला स्थानाचे ज्ञान होते. बब-२ काढून टाकले आणि सोबत डायनिनही नसले, तर तर्कू जनकपेशीत असतानाच पेशी दुभंगते. मुकुल केंद्रकाविना राहतो आणि जनकपेशीत दोन केंद्रके उरतात.

पाठ्यपुस्तकातील तर्कू-जोडणीची तपासणी हीच का?

नाही. ती तपासणी आधीची आहे: प्रत्येक गुणसूत्र तर्कूला योग्य रीतीने जोडले गेले आहे का, हे ती पाहते आणि पश्चावस्था सुरू होऊ देते किंवा अडवते. वर वर्णिलेली तपासणी पश्चावस्थेनंतरची आहे. परीक्षेत या दोन्हींची गल्लत वारंवार होते.

उभट आकाराच्या विखंडन यीस्टमध्येही हेच घडते का?

शायझोसॅकरोमायसीस पॉम्बे या यीस्टला मुकुल फुटत नाही. त्याची पेशी लांबट असते आणि मधोमध दुभंगते. तेथे केंद्रक पेशीच्या मध्यावर ठेवले जाते आणि दुभंगण्याची जागा केंद्रकाच्या जागेवरून ठरते. तर्कू पेशीच्या लांबीच्या दिशेनेच वाढतो. दोन्ही यीस्टचे नाते दूरचे आहे, म्हणून एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला परस्पर लावू नयेत.

याचा माणसाशी काय संबंध?

खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र असल्यामुळे नवी मुंबईतील विद्यार्थी हा प्रश्न आवर्जून विचारतात. उत्तर मोजून द्यायला हवे. यीस्टमधील पॅक-१ चे मानवी रूप म्हणजे एलआयएस-१. त्याचे जनुक सदोष असल्यास मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या नीट तयार होत नाहीत आणि तो गुळगुळीत राहतो. बिम-१ चे मानवी रूप ईबी-१ आहे, आणि ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या एपीसी या प्रथिनाला जोडले जाते. मानवी पेशीतही डायनिन पेशीच्या कडेशी बांधले जाऊन तर्कूला ओढते. मात्र तेथे नम-१ च्या जागी नुमा आणि एलजीएन ही वेगळी प्रथिने असतात. तत्त्व तेच आहे, घटक काही समान आणि काही निराळे आहेत. यीस्टमधील एखादा शोध थेट उपचारात उतरतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण डायनिन कसे बांधले जाते आणि केव्हा चालू होते याविषयीचे आपले बरेचसे ज्ञान याच पेशीतून आले आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातले काय पाहता येईल?

तर्कू दिसणार नाही. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर असते आणि सूक्ष्मनलिका त्याहून कितीतरी बारीक असते. संशोधक ट्यूब्युलिनला हिरवा प्रकाश देणारे प्रथिन जोडून, विशेष सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत तर्कू पाहतात. त्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि विकासासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मुकुल मात्र उत्तम दिसतात. किराणा दुकानात मिळणारे कोरडे यीस्ट कोमट साखरपाण्यात कालवून तासाभराने त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, आणि चाळीस पटींच्या भिंगाखाली पाहावा. थेंब दाट असेल तर पेशी एकमेकींवर चढतात, म्हणून तो पाण्याने बराच पातळ करावा. मिथिलीन ब्ल्यूचा अंश घातल्यास मृत पेशी निळ्या होतात आणि जिवंत पेशी रंगहीन राहतात. ठाण्यातील प्रयोगशाळेचे तापमान वर्षाचा बराच काळ यीस्टला मानवणारे असते, त्यामुळे वेगळ्या उबवणपेटीची गरज सहसा पडत नाही. मुकुल नसलेल्या, लहान मुकुल असलेल्या आणि मोठा मुकुल असलेल्या पेशी वेगवेगळ्या मोजाव्यात. मोठा मुकुल असलेल्या पेशींतच बहुधा तर्कू मानेशी आलेला किंवा मानेतून पार झालेला असतो. जर्नलमध्ये या पेशीची आकृती काढताना केंद्रकाचे आवरण तुटक रेषेने दाखवू नये. ते सलग काढावे, आणि पश्चावस्थेतील केंद्रक मानेत चिमटलेले दाखवावे.